अंबाडा घातलेलं भूत

“भूत जूडा बांधेगी? जूडा? और उस पे गजरा? दादा, ये हॉरर है या किसी की शादी का रिसेप्शन?”

घोडबंदर रोडवरच्या एका शूटिंगच्या बंगल्यात रॉनी सर इतक्या जोरात ओरडत होते की मागच्या डोंगरावरच्या माकडांनी, खोटं सांगत नाही, हातातली फळं खाली टाकली. रॉनी सर म्हणजे हिंदी मालिकेचे दिग्दर्शक. वय सत्तावीस, डोक्यावर स्वतःचे भरपूर केस, त्यामुळे माझ्या धंद्याबद्दल आदर असण्याचं काही कारण नाही. त्यांच्यासमोर मी, पन्नाशीला टेकलेला, हातात तीन आठवडे खपून केलेला टोप. नकली केसांना आम्ही टोप म्हणतो. त्या टोपाला नारळाएवढा अंबाडा आणि अंबाड्याभोवती अबोलीची ताजी वेणी. माझ्या पाठीमागे प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर, घरात होतं नव्हतं ते सगळं सोनं अंगावर घालून, ठाण्याच्या बाजारातल्या दोन कोळणी बसलेल्या. एक शेवंताबाई. दुसरी तिची जाऊ, भानूबाई.

त्या दोघी तिथे कशा आल्या आणि भुताच्या अंबाड्यावरून एवढा तमाशा का, ते सांगतोच. पण आधी धंदा समजून घ्या, नाहीतर तुम्हीही रॉनी सरांचीच बाजू घ्याल.

डोंबिवलीत पस्तीस वर्षं मी टोप केले. नाटकांना, टीव्हीला, शाळांच्या गॅदरिंगला, आणि काही सभ्य गृहस्थांना मागच्या दाराने. डोक्याच्या मापाची जाळी घ्यायची आणि बारीक आकड्याच्या सुईने तिच्यात एकेक खरा केस गाठवायचा. एका टोपात केस किती, हे मोजायला मी एकदा बसलेलो. मोजून उठलो तेव्हा मुलगी दहावी झालेली. या कामात नियम एकच. केसाला मूळ असतं आणि टोक असतं. सगळी मुळं एका बाजूला हवीत. एक जरी केस उलटा लागला तर तो शेजारच्यांशी भांडायला लागतो आणि आठवड्यात सगळ्या डोक्याचा गुंता होतो. चाळीत राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

गिऱ्हाईकं म्हणाल तर एक सांगतो. कल्याणचा एक उपवर मुलगा मुलगी बघायला जाताना माझा टोप घालून गेला. मुलीच्या वडिलांनी तो पाहताक्षणी ओळखला, कारण त्यांच्या डोक्यावरही माझाच होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लग्न तिथेच ठरलं. पुढे त्या घरात माझा फोटो लावतील असं वाटलेलं, पण लोक उपकार लपवतात.

तर मूळ मालिका. ऐंशीच्या दशकात, घरोघर एकच वाहिनी दिसायची तेव्हा, आमच्या अण्णांनी, म्हणजे आमच्या दिग्दर्शकांनी, मराठीत तेरा भागांची भुताची मालिका केली. नाव ‘आडावरची’. गोष्ट साधी. शहरातलं कुटुंब गावाबाहेरच्या घरात राहायला येतं. परसात आड. रोज संध्याकाळी त्या आडावर एक बाई पाणी भरायला येते, ती जिवंत नसते. शेवटच्या भागात ती वळून बघते आणि तिचा चेहरा दिसतो. अण्णांनी कागदावर लिहिलं होतं: पांढरं पातळ, मोकळे केस, भयंकर चेहरा. मी गुडघ्यापर्यंत पोचणारा टोप करून पेटीत घेऊन गेलेलो.

शूटिंग माजिवड्याच्या पुढे चिकूच्या वाडीत. तेव्हाचा घोडबंदर रोड असा होता की दुपारी एखादा ट्रक गेला तर आम्ही सगळे उठून हात हलवायचो. आणि पहिल्याच दिवशी भुताच्या घरून निरोप आला की भुताला कांजिण्या झाल्यात.

अण्णा कपाळाला हात लावून आडाच्या कठड्यावर बसले. तेवढ्यात वाडीवाल्याकडे मासळी द्यायला शेवंताबाई आली. डोक्यावर पाटी, तिशी उलटलेली. पाटी उतरवली, मासळी दिली, पाटी पुन्हा डोक्यावर चढवली आणि पाठ फिरवून निघाली. पाटी वाहून वाहून कणा असा ताठ की ओळंबा लावून बघावा. अण्णा उठून उभे राहिले.

“टोपवाले, हिला थांबवा. हिला टोप घाला.”

मी थांबवलं. पण टोप बसेना, कारण तिच्या स्वतःच्या केसांचाच अंबाडा माझ्या टोपाएवढा होता. मग म्हटलं, बाई, तुमचेच केस सोडा, टोप हवाय कोणाला!

“केस नाय सोरनार,” शेवंताबाई म्हणाली.

“अहो, पाच मिनिटांचं काम. भुताचं आहे.”

“म्हनूनच नाय सोरनार. माजा नवरा होरी घेऊन खारीन गेलाय. तो पान्याव, आन मी हितं केस सोरून उबी र्‍हाऊ? आमच्यान केस मानूस गेल्याव सोरतान, दादूस.”

नवरा होडी घेऊन खाडीत गेलेला. तो घरी परत येईपर्यंत केस मोकळे सोडायचे नाहीत, हा तिच्या सासूने घालून दिलेला नेम. मी दोन तास समजावलं. आयुष्यात मी मंत्र्यांना टक्कल कबूल करायला लावलंय, पण या बाईपुढे हरलो. पांढरं पातळही तिने हातात धरून बघितलं आणि परत दिलं. उजेड जायला लागला. शेवटी अण्णा वैतागून म्हणाले, “राहू दे तो अंबाडा. राहू दे ते हिरवं लुगडं. उभी करा तशीच.”

ती आडाशी पाठमोरी उभी राहिली. अंबाड्यात सकाळीच माळलेली अबोलीची वेणी. अण्णांनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि मागे सरकून पुन्हा पाहिलं. कॅमेरामन दर अमावास्येला स्मशानात क्रिकेट खेळलेला माणूस, तोही हळू आवाजात रामरक्षा म्हणायला लागला. अण्णांनी खिशातून शेवटच्या भागाचा कागद काढला आणि फाडला. म्हणाले, “ही वळणारच नाही.”

आणि ती वळली नाही. तेरा आठवडे महाराष्ट्र वाट बघत बसला की आता वळेल, मग वळेल.

काय सांगू त्या दिवसांचं! आपली बायको ओट्याशी पाठमोरी उभी आहे, अंबाडा नीट आहे, हे बघून डोंबिवलीतले कर्ते पुरुष दारातूनच हाक मारायला लागले, “अगं, जरा इकडे बघ!” एक बँकेतले गृहस्थ आठ दिवस गॅलरीत झोपले. कल्याणला वेण्या विकणाऱ्या बायकांचा धंदा बसला आणि बॉबकट करून घेणाऱ्यांची विठ्ठलवाडीपर्यंत रांग लागली. हे शेवटचं थोडं वाढवून सांगितलं, पण थोडंच.

खरं गुपित ऐका. पाचव्या भागाला बाजारात अबोली मिळाली नाही, म्हणून शेवंताबाई मोगरा माळून आली. आमची चूक. पण प्रेक्षकांची पत्रं आली: ‘भुताला फुलं कोण आणून देतं? तिचा नवराही मेलेला आहे का?’ अण्णांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, “टोपवाले, हे आपल्याला कसं सुचलं नाही?” पुढच्या भागात मुद्दाम चाफा घातला.

आता माझी चूक. पहिल्या दिवशी काम झाल्यावर शेवंताबाईला विचारलं, तुम्हाला काय द्यायचं? ती म्हणाली, “टीव्हीन माजा नाव टाक.”

मी म्हणालो, “टाकलं समजा.”

हे बोलायचा मला काय अधिकार? मी टोपवाला. तेव्हा टीव्हीवरच्या नावांच्या पाट्या पेंटर हाताने रंगवायचा आणि त्या आधीच रंगवून तयार होत्या. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, “भुताचं नाव दिलं की भूत संपलं.” त्यांचंही बरोबर. तेरा भाग गेले, नाव आलं नाही.

कोळीवाड्यात शेवंताबाई सांगत सुटलेली की आडावरची ती मीच. कोणी मानेना. भानूबाईची जागा बाजारात तिच्या अगदी शेजारी. ती गिऱ्हाईकांसमोर मोठ्याने म्हणायची, “पाठमोरी तर मी पन तशीच दिसते! आख्खा कोलीवारा पाठमोरा तसाच दिसतो! हीच कशावरून?”

बाजारात ओळीने पाठमोऱ्या बसलेल्या बायका बघा. प्रत्येकीचा अंबाडा, प्रत्येकीची वेणी. नाव हाच पुरावा होता आणि तो मी दिला नव्हता. शेवंताबाई कोळीवाड्यात थापाडी ठरली. पुढची दहा वर्षं मी ठाण्याला गेलो की बाजारात जायचो, आणि ती खवले काढता काढता न चुकता विचारायची, “दादूस, नाव कंदी येनार?”

“येतंय, येतंय,” मी म्हणायचो. थापाडा खरं तर मी होतो. पण मला थापाडा म्हणायला शेजारी जाऊ बसलेली नव्हती.

नव्वदच्या दशकात केबल आली, वाहिन्या वाढल्या आणि कोणीतरी ‘आडावरची’चे हक्क घेऊन ती हिंदीत करायला काढली. मूळ मालिकेतला माणूस म्हणून टोप करायला मला बोलावलं. मी तडक बाजार गाठला. “शेवंताबाई, चला. पाठमोरी उभी राहायला तुमच्याशिवाय आहे कोण? या वेळी नाव नक्की.” ती आली ते भानूबाईला घेऊनच. मी विचारलं, ह्या कशाला? म्हणाली, “साक्षीला.”

आणि त्या साक्षीदारासमोर रॉनी सर ओरडत होते.

“सर, ओरिजिनल में ऐसाच था,” मी म्हणालो.

“दादा, ओरिजिनल में बजेट नहीं था, इसलिए फेस नहीं दिखाया. अपने पास फेस है. मुझे ओपन हेअर चाहिए, फुल ओपन, आणि पहिल्याच एपिसोडमध्ये फेस!” मराठी येत होतं त्यांना, रागावले की यायचं.

दोन असिस्टंटनी टोप माझ्या हातातून घेतला, अंबाडा उपसला, अबोली जमिनीवर. मग केस टोकांकडून मुळांकडे विंचरले. टोकांकडून! मी मान फिरवली. तनिषा नावाची मुलगी भुताचं काम करत होती, टोप तिच्याच मापाचा. तिला पांढरा गाऊन, डोळ्यांत पांढरी भिंगं, पायाशी धूर. शेवंताबाई खुर्चीवर बसून हे सगळं बघत होती.

भानूबाई उठली आणि पदर सावरून म्हणाली, “चल गो शेवंते. भूत पसंत नाय परला.”

शेवंताबाईने चपला पायात घातल्या. जाता जाता माझ्यापाशी थांबली. “दादूस, तू मना बोललेलास,” एवढंच म्हणाली आणि गेली.

हिंदीवाल्यांचं वाईटच होतं असं मी म्हणणार नाही. म्हातारा झाला की माणूस जुनं ते सोनं म्हणतो, मग ते पितळ का असेना. आमच्या आडावरचीत तिसऱ्या भागात झाडामागे माइक घेतलेला माणूस दिसतो. सातव्या भागात कोंबडा आरवतो, संध्याकाळी. त्यांचा आवाज स्वच्छ, रंग सुंदर. आडाच्या पाण्यात कंदील हलतोय असा त्यांचा एक शॉट आहे, तो अण्णांनी पाहिला असता तर टोपी काढली असती. तनिषा बिचारी चार तास थंड पाण्यात उभी राहिली आणि कुरकुरली नाही. पण भीती? एका शॉटला त्यांनी समोर पंखा लावला. पंखा कसला, हेलिकॉप्टरच काढून आणलेलं. टोप उडाला तो थेट नायकाच्या तोंडावर जाऊन बसला. नायक जो किंचाळला, तेवढी एक किंकाळी त्या मालिकेत खरी आहे. त्यांनी ती ठेवली आणि नऊ भागांत वापरली.

मी खूप विचार केला यावर. केस पिंजारलेली, डोळे वटारलेली बाई समोर आली तर आपल्याकडे कोण घाबरतं? सकाळी नळाला पाणी आलं नाही की प्रत्येक मजल्यावर तशा चार भेटतात. तिला काय हवंय ते लगेच कळतं. पण सगळं आवरून, तेल लावून, चापूनचोपून अंबाडा घालून, ताजं फूल माळून एक बाई पाठमोरी उभी आहे आणि काही बोलत नाही... तिच्या मनात काय आहे, हे तेरा आठवड्यांत कळत नाही. रॉनी सरांचं अजून लग्न व्हायचं होतं.

शेवंताबाई निघून गेली त्या दिवशी जेवणानंतर नावांची यादी करणारी मुलगी आली. “दादा, हेअर में आपका नाम क्या लिखूं?”

एक सांगायला हवं. मी इतकी वर्षं टोप केले, पण देशभर दिसणाऱ्या वाहिनीवर नाव येण्याची ही माझी पहिलीच वेळ. आमच्या सौभाग्यवतींनी सोसायटीत चारही मजल्यांवर सांगून ठेवलेलं. मी पेन घेतलं. हात थोडा थांबला, खोटं कशाला बोलू. आणि मी लिहिलं: शेवंता जनार्दन कोळी.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. “सोमवारी साडेआठला टीव्ही लावा. शेवटी नाव येईल.”

सुरी थांबली. “खरा?”

“खरं.”

“भानूला सांगू?”

“सगळ्या कोळीवाड्याला सांगा!” कोणत्या कामाखाली येईल ते मी सांगितलं नाही. म्हटलं, नाव महत्त्वाचं, नावावर काय लिहिलंय ते कोण वाचतं!

सोमवारी आमच्या बैठकीच्या खोलीत सोसायटीतली अकरा माणसं. चहा झाला, चिवडा झाला, भूत झालं, नावं सरकायला लागली. केशरचना, आणि पुढे शेवंता जनार्दन कोळी.

“अहो,” आमच्या सौ. म्हणाल्या, “तुमचं नाव कुठाय?”

मी चिवडा चावत राहिलो.

“आणि ही शेवंता कोण?”

अकरा माणसांनी एकदम कप खाली ठेवले. पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे एवढं लक्ष कधी कोणी दिलं नव्हतं. शेजारी एकेक करून उठले, दार मात्र कोणी ओढून घेतलं नाही. सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली, कांजिण्यांसकट. ऐकून सौ. म्हणाल्या, “एवढं होतं तर मला आधी सांगायचं. मी चार मजले उतरले नसते.” आणि पान वाढलं.

मंगळवारी सकाळी मी छाती काढून ठाण्याच्या बाजारात शिरलो. वाटलं होतं, बाजार उठून उभा राहील. बाजार खाली बसून मासळी विकत होता. भानूबाई आपल्या जागेवर पापलेटं मांडत होती. शेवंताबाई मांदेलीचे वाटे लावत होती.

“काय शेवंताबाई, आलं ना नाव?”

“आला.”

“सगळ्यांनी वाचलं?”

“भानूच्या जावयान मोठ्यान वाचून दाखवला. केस करनारी, शेवंता कोली.” तिने वाटा सारखा केला. “आख्खा कोलीवारा हसला. बोलतान, शेवंते, त्या बाईच्या डोक्याव काय करून ठेवलास? तेल नाय, फनी नाय, झिंज्या सोरल्यास!”

माझी छाती आत गेली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या बाईने देवापुढेही केस सोडले नसते, तिच्या नावावर मी देशातले सगळ्यात पिंजारलेले केस लिहून दिले होते.

तेवढ्यात भानूबाई पलीकडून कडाडली. माझ्यावर नाही, समोरून हसत जाणाऱ्या दोन बायकांवर. “कोन बोलतंय गो? आमच्या घरची बाय असला केस करील? ती दहा वरसामागची आडावरची आठव! तिचा अंबारा आठव! ती हीच शेवंता, माजी जाऊ. आमच्या सासूनं शिकवलेला अंबारा हाय तो. दुसरी कोन घालते तसा, दाखव मना!”

सगळा बाजार ऐकत होता. भानूबाई बोलून मोकळी झाली आणि मग, आपण काय बोलून बसलो ते कळल्यासारखी, घाईघाईने पापलेटांवर पाणी मारायला लागली.

मला तर नाचावंसं वाटलं. दहा वर्षं जी साक्ष मिळत नव्हती ती सख्ख्या जावेच्या तोंडून, भर बाजारात, फुकट! मी खाली वाकून हळूच म्हणालो, “शेवंताबाई, झालं की काम! भानूबाईनेच कबूल केलं. आता आणखी काय पाहिजे?”

शेवंताबाईने मांदेलीचा वाटा कागदात बांधला, माझ्या पिशवीत टाकला आणि म्हणाली, “येत्या सोमवारी ता नाव पुसून टाक.”